इन्स्टा नको, मग पत्रकं वाटायची की स्टॉल लावायचा? ठाण्याच्या हिशोबाने

घरगुती धंदा करायचाय पण रोज रील टाका, स्टोरी टाका हे आपल्याच्याने होणार नाही, असं म्हणणाऱ्या बायका मला सारख्या भेटतात आणि त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही, पोळ्या लाटायच्या का ट्रायपॉड लावून बसायचं. माझं पोळीभाजी आणि दिवाळीत फराळ, पाचपाखाडीत. मावसबहिणीचं ब्लाउज शिवायचं काम, घोडबंदरला मानपाड्याच्या पुढे टॉवरमध्ये. दोघींचंही सोशल मीडियाशिवाय चालतं, पण तिचे उपाय मला लागू पडत नाहीत आणि माझे तिला. म्हणून कोणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते, गिऱ्हाईक परत किती दिवसांनी येणार आणि ते राहतं कुठे.

पेपरातलं पत्रक घ्या. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्या इथे अजून मराठी पेपर घरात येतो, आजोबा तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचतात आणि आतलं पत्रक आजी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावते. पोळीभाजीला हे सोन्यासारखं आहे, कारण बाईला ताप आला, सून बाहेरगावी गेली की तोच कागद काढून फोन लावतात, कधी कधी कागद देऊन महिने झालेले असतात. खर्च दोन ठिकाणी होतो, छपाई आणि टाकणावळ. टाकणावळ, म्हणजे पेपरात कागद घालायचे पैसे, हजार कागदांमागे ठरते आणि ती एजन्सीकडून न ठरवता पहाटे पेपर लावत बसलेल्या माणसाशी जाऊन बोललात तर बरं पडतं, कारण त्याला कुठली लाईन कुठल्या बिल्डिंगांत जाते ते तोंडपाठ असतं. तुमचा डबा चालत पोचवायचा असेल तर तुमच्या चार गल्ल्यांचीच लाईन घ्या ना, अख्ख्या वेस्टला कागद वाटून करायचंय काय. कागदावर मेन्यू, भाव, फोन आणि ऑर्डर किती वाजेपर्यंत घेता ते, बस. अन्नपूर्णेचा फोटो टाकायचा मोह आवरा, जागा खातो आणि लोक तो कागद टाकायलाही कचरतात आणि ठेवायलाही.

हेच पत्रक बहिणीने घोडबंदरला टाकायचं म्हटलं तर अर्ध्या घरांत पेपरच नाही, आणि जिथे आहे तिथे तो दाराबाहेरच्या पिशवीतून थेट रद्दीत. वर वॉचमन बाहेरच्या माणसाला कागद वाटू देत नाही, गेटवरच्या अ‍ॅपमध्ये एंट्री, फ्लॅटमधून होकार आल्याशिवाय लिफ्टही नाही. तिथे चालतो तो आतला स्टॉल. सेक्रेटरीला भेटायचं, कमिटी जे काही भाडं सांगेल ते द्यायचं, पावती घ्यायची आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी क्लब हाऊसच्या बाहेर टेबल टाकून बसायचं. महाग वाटतं, पण एका गेटच्या आत एखाद्या गावाएवढी माणसं असतात आणि सगळी त्याच रस्त्याने खाली उतरतात.

यात सुद्धा खाण्याचा स्टॉल वेगळा आणि शिवणाचा वेगळा. मी फराळाचा लावते तेव्हा उघडा डबा आणि चकलीचे तुकडे पुढे ठेवते. पोरं तीन-तीन फेऱ्या मारतात, मारू द्या, तिसऱ्या फेरीला आई शोधत येते आणि पहिला प्रश्न ठरलेला, तेल कुठलं? भाव नंतर. तिथे मी तेलाची रिकामी पिशवीच दाखवते, बोलायची गरज पडत नाही. बहिणीला असं काही चाखायला देता येत नाही, म्हणून ती एक शिवलेला ब्लाउज उलटा करून हँगरला लावते, आतलं फिनिशिंग, सोडलेलं माया-कापड सगळं दिसेल असा. बायका हात लावून बघतात आणि तिथेच सांगतात की मागच्या टेलरने मायाच ठेवली नव्हती हो, उसवून सैल करायला काही उरलंच नाही. ऑर्डर त्या दिवशी मिळत नाही, फॉल-पिकोला साडी येते, मग हळूच ब्लाउज येतो.

प्रदर्शनाचं माझं मत जरा कडू आहे. दिवाळीच्या आधी हॉलमध्ये होतात त्या प्रदर्शनांना गर्दी मस्त असते, विक्रीही होते, पण गिऱ्हाईक डोंबिवलीहून, मुलुंडहून, कुठूनही आलेलं. फराळ, कंदील, ज्वेलरी, साड्या असा एकदाच विकायचा माल असेल तर जरूर जा, शक्यतो कुणाबरोबर अर्धा स्टॉल शेअर करा. रोजच्या डब्यासाठी मात्र भाडं वाया. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरसारख्या मोठ्या जागेचा विचार तर घरगुती धंद्याने सुरुवातीला करूच नये, माल पोचवण्यातच जीव जातो.

गुगल मॅपवरचं लिस्टिंग फुकट आहे आणि मी त्याला सोशल मीडियात धरत नाही, तुम्ही धरत असाल तर सोडून द्या. बहिणीचं निम्मं काम तिथून येतं. टेलर लागतो तेव्हा माणूस जवळचा टेलर म्हणून शोधतो, कुणाच्या रील बघत बसत नाही. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता ते दाखवता येतं, एकट्या बाईने ते करावंच. रिव्ह्यू मागा, पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट नको, ते गुगलच्या नियमांत बसत नाही. आणि सुट्टीच्या वेळा बदला बाई, दिवाळीत बंद असताना उघडं दाखवलं की लोक चिडून एक स्टार देऊन जातात. पोळीभाजीला याचा उपयोग कमीच, माझे शेजारी मला मॅपवर कशाला शोधतील.

किराणावाल्याकडे किंवा डेअरीत पाकिटं ठेवायची झाली तर विकलं तर पैसे, उरलं तर परत, या बोलीवर ठेवतात आणि कमिशन कापतात. त्यासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, १४ आकडी नंबर, वजन, तारीख, हिरवा ठिपका हे सगळं पाकिटावर हवं. टिकाऊ मालाला ठीक, पोळीला नाही.

रिक्षाच्या मागचं पोस्टर क्लासवाल्यांना परवडतं, आपल्याला नाही. आणि विजेच्या खांबावर, पुलाखाली कागद चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आहे आणि त्या कागदावर तुमचाच फोन नंबर असतो, म्हणजे पकडायला शोधाशोध पण नको.

आता व्हॉट्सअ‍ॅप. ते सोडा असं मी म्हणत नाही, ऑर्डर घ्यायला छान आहे. पण फक्त त्याच्यावर बसू नका. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ लोक घेता येतात, त्यातही ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. आणि ४ ऑक्टोबर २०२१ आठवा, घटस्थापना तीन दिवसांवर आणि रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही साधारण सहा तास बंद. ते निदान परत आलं, टिकटॉकवर ज्यांनी गिऱ्हाईक जमवलं होतं त्यांचं २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातल्यावर सगळंच गेलं. एसएमएसने जाहिरात करायची तर ट्राय या टेलिकॉम नियामकाच्या नियमाप्रमाणे डीएलटी नावाच्या व्यवस्थेवर नोंदणी लागते, एकट्या माणसाला ती कटकट नको. म्हणून दोघींकडे वही आहे, नाव, फोन, बिल्डिंग, काय आवडलं. माझ्या वहीत कोणाला गोड शंकरपाळी चालत नाही ते आहे, तिच्या वहीत मापं आहेत. माझ्यापेक्षा तिची वही भारी, कारण एकदा माप बसलं की बाई दुसरीकडे जात नाही.

तेव्हा रोजचा माल आणि जुनं ठाणं असेल तर पत्रक, तेही दर थोड्या महिन्यांनी त्याच गल्ल्यांत. टॉवरमध्ये राहत असाल तर आधी तुमच्याच सोसायटीत स्टॉल, मग शेजारच्या. सेवेचं काम असेल, शिवण, एसी, सोफा धुणं, तर आधी गुगल मॅप, पैसे नंतर खर्च करा. नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरण्याला सेक्टरमधल्या जुन्या बिल्डिंगा आणि नवे टॉवर दोन्ही शेजारी आहेत, तिथे लाईनवाल्याला विचारून दोन्ही थोडं थोडं करून बघता येईल.

फराळवाल्यांसाठी एवढंच, कागद दसऱ्याच्या आधी घराघरात पोचायला हवा. दिवाळीच्या आठवड्यात पेपरला सुट्टी येते ती येतेच, पण त्याच्या आधीच्या रविवारी मॉल, ज्वेलर, फर्निचरवाले सगळ्यांचे चकचकीत कागद एकदम पडतात, त्यात तुमचा पिवळा कागद सातवा असतो आणि घरातल्या बाईने चकलीची ऑर्डर तोवर दुसरीकडे देऊनही झालेली असते.