सार्त्र की काम्यू, आधी कुणाला वाचायचं?

रंकाळ्यावर संध्याकाळी पोरं बसली की विषय ठरलेला, पुण्याला नोकरी धरायची का घरचा ऊस-म्हशी बघत इथंच राहायचं, आणि भावा, सार्त्र हा फ्रेंच तत्त्वज्ञ नेमका इथंच कामाला येतो. १९४५ च्या पॅरिसमधल्या भाषणात तो एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो, पोराचा भाऊ युद्धात मेलेला, आई एकटी, आता आईपाशी राहू का इंग्लंडला जाऊन फ्रेंच फौजेत लढू. सार्त्रचं उत्तर काय, तर तू मोकळा आहेस, तूच ठरव! ऐकायला भारी वाटतं पण घाम फुटतो, कारण मग 'घरच्यांनी सांगितलं म्हणून' हे चालतच नाही, त्याला तो स्वतःशीच खोटं बोलणं म्हणतो. मला मात्र वाटतं की डोक्यावर सोसायटीचं कर्ज असलेल्या पोराचा मोकळेपणा त्यानं जरा जास्तच धरलाय.

काम्यू हा त्याच काळातला फ्रेंच लेखक, त्याचं वेगळंय. माणूस अर्थ मागतो, जग गप्प बसतं, ह्यातून विसंगती तयार होते. १९४२ च्या निबंधातला त्याचा सिसिफस, म्हणजे ग्रीक पुराणातला देवांनी शिक्षा दिलेला माणूस, तोच दगड परत परत डोंगरावर ढकलतो, तरी काम्यू म्हणतो तो सुखी आहे असं समजा. लिहितोही झकास, पण निर्णय घ्यायला फार मदत नाही करत. तसा तो स्वतःला सार्त्रसारखा अस्तित्ववादी, म्हणजे माणूस आपल्या निवडीतूनच स्वतःला घडवतो असं मानणारा, म्हणवून घ्यायचाच नाही, आणि १९५२ मध्ये दोघांची दोस्तीही तुटली, राजकारणावरून.

अडकलेल्याला मी आधी सार्त्रचं ते भाषणच देईन, छोटं आहे. जाडजूड ग्रंथ नंतर बघू.