चाळिशी उतरवून मॅटवर: ४०+ एमएमए बॅचचा सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मी एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र) फायटर वगैरे नाही. वय ४७, दिवसभर खुर्चीत बसायचं काम, आणि लहानपणी थोडीफार कुस्ती खेळलो होतो तेवढ्या भांडवलावर या भानगडीत पडलो. जिमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या मी तिथल्या लोकांना तोंडावर सांगितल्यात, उगाच बोभाटा नको. पण हल्ली चाळिशीच्या वरच्यांसाठी अशा बॅचेस बऱ्याच निघाल्यात, तर पैसे भरायच्या आधी काय बघायचं ते कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून हा पसारा.

याच्या आधी एका दुसऱ्या ठिकाणी दोन महिने काढले होते. तिथली ४०+ बॅच म्हणजे पोरांचीच बॅच, फक्त अर्ध्या स्पीडने. तेच बर्पी, तेच जंप स्क्वॉट, तेच पॅडवर धडाधड कॉम्बिनेशन, आणि वरून "सर, तुम्ही हवं तर दहाच मारा". दहा मारून गुडघा धरून बसायचो. शिकलो काय तर काहीच नाही, दमलो मात्र भरपूर.

इथे पहिला महिनाभर कोचने ठोसा मारूच दिला नाही, मला तर वाटलं फसलो. नुसतं खाली पडायचं, भिंतीला पाठ लावायची आणि उठायचं, पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं. वॉर्मअप वीस-पंचवीस मिनिटं, मान, खांदे, कंबर, आणि त्यात एकही उडी नाही. कोच एकोणतीस वर्षांचा पोरगा आहे, सगळ्यांना काका-काकू करतो आणि अहो-जाहो करूनच जमिनीवर आपटतो, त्याची एक वेगळीच मजा आहे.

आता जो क्लास मला कायम लक्षात राहील तो सांगतो. चष्मा काढून मॅटवर उतरलं की माझं जवळचं सगळं धूसर होतं, चाळिशी लागलीये ना, त्यामुळे क्लिंचमध्ये, म्हणजे उभ्याने एकमेकांना घट्ट धरल्यावर, समोरच्याचं तोंड म्हणजे नुसता एक डाग. मी कोचला म्हटलं, अरे मला दिसतच नाहीये काही. तर तो म्हणाला, "काका, मग डोळे मिटूनच घ्या की." आणि खरंच पाच मिनिटं डोळे मिटून पमेलिंग करायला लावलं, म्हणजे समोरच्याच्या काखेतून हात आत सरकवायचा, तो त्याचा सरकवणार, तुम्ही परत आत, डोकं त्याच्या जबड्याखाली टेकवलेलं, आणि त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते छातीला कळतं, डोळ्याला नाही. तिसऱ्या मिनिटाला मला त्याचा डावा पाय हलका झालेला कळला, मी पट काढला आणि दोघेही खाली. माझ्या आयुष्यातला पहिला टेकडाऊन (समोरच्याला खाली पाडणं), तोही आंधळेपणाने! तिथे डोक्यात ट्यूब पेटली की वय झालेली माणसं या खेळात जिंकतात ती अशा जागी जिंकतात जिथे नजर आणि चपळाई यांचं काम कमी असतं.

त्या जिमच्या भिंतीवर रँडी कुटूर या जुन्या एमएमए फायटरचा फोटो आहे. आधी वाटायचं नेहमीचं मोटिव्हेशन, मग घरी जाऊन त्याची २००७ मधली टिम सिल्व्हियाबरोबरची फाइट शांतपणे बघितली. कुटूर तेव्हा ४३ वर्षांचा, वर्षभरापूर्वी रिटायर होऊन बसलेला, आणि समोर ६ फूट ८ इंचांचा हेवीवेट चॅम्पियन. सुरुवातीच्या काही सेकंदांतच उजव्या हाताने त्याला खाली पाडलं हे सगळ्यांना आठवतं, पण खरी गंमत पुढच्या पंचवीस मिनिटांत आहे, सतत चिकटणं, ढकलणं, पाडणं, वर बसणं. त्या लांबलचक हातांना मोकळी जागाच द्यायची नाही. तिन्ही जजेसनी ५०-४५ दिलं, म्हणजे पाचच्या पाच राउंड म्हाताऱ्याचे. ग्लोव्हर टेशेरा या फायटरचं पण तसंच. २०१४ मध्ये टायटलची संधी मिळाली ती हरला, लोकांनी निकालात काढला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाची ४२ पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी यान ब्लाहोविचला दुसऱ्या राउंडमध्ये रेअर नेकेड चोक (मागून हाताने गळा आवळणं) लावून लाइट हेवीवेटचा पट्टा घेतला. त्यातही हुकचा ठोसा बसला, पण काम संपवलं ते खाली नेऊन, पाठीवर चढून. आमचा कोच हे नुसतं सांगत नाही, त्या फाइट थांबवून थांबवून दाखवतो आणि मग त्याच पोझिशन मॅटवर करून घेतो. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

दुसरी चांगली गोष्ट, तो हवेत इमले बांधू देत नाही. बॅचमधल्या एकाने विचारलं की मग आपण पण स्पर्धेत उतरूया का, तर त्याने सरळ सांगितलं की काका, ही माणसं चाळिशीत सुरू झालेली नाहीत. कुटूर मुळात ग्रीको-रोमन कुस्तीतला. योएल रोमेरोकडे २००० च्या सिडनी ऑलिंपिकचं कुस्तीतलं रौप्य होतं आणि नंतर चाळिशीतही तो टायटलसाठी लढला. शिवाय जड वजनात वय जरा लपतं, हलक्या वजनात सगळा खेळच वेगाचा असल्यामुळे तिथे पस्तिशीनंतर पट्टा मिळणं फार विरळा, वोल्कानोव्स्कीने २०२५ मध्ये छत्तिसाव्या वर्षी फेदरवेटचा पट्टा परत घेतला तेव्हा एवढी बोंब झाली ती त्यामुळेच. आणि आणखी एक, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घ्यायची जी मेडिकल सूट काही वयस्कर फायटर्सना मिळायची ती अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या, लढतींवर देखरेख करणाऱ्या कमिशनने २०१४ मध्ये बंद केली, त्यामुळे त्याआधीच्या काही पराक्रमांकडे बघताना जरा हातचं राखूनच विश्वास ठेवा. डॅन हेंडरसनकडे ती सूट होती, हे खरं, पण ती गेल्यावरही २०१६ मध्ये ४६ व्या वर्षी त्याने तेव्हाच्या चॅम्पियन बिस्पिंगला दोनदा खाली बसवलं, हरला तो पॉइंटवर. उजव्या हातातली ताकद सगळ्यात शेवटी जाते म्हणतात ते उगाच नाही.

स्पारिंगचा, म्हणजे सरावाच्या लढतीचा, नियम मला पटला. डोक्यावर ठोसे असलेलं स्पारिंग पंधरा दिवसांतून एकदाच, १६ औंसचे ग्लोव्हज, हेडगार्ड, आणि जोर लावला की कोच लगेच थांबवतो. बाकी वेळ ग्रॅपलिंग, म्हणजे ठोसे न मारता नुसती पकडापकडी. टॅप (थोपटून हार मानणं) लवकर करायचा, अगदी हात सरळ व्हायच्या आधी. सुरुवातीला लाज वाटायची, पण पोरांचं कोपर पंधरा दिवसांत बरं होतं आणि आपलं तीन महिने बसतं, हे एकदा अनुभवलं की लाज आपोआप जाते.

आता तक्रारी. मोठी तक्रार म्हणजे चौथ्या महिन्यात एकदा कोच सुट्टीवर होता आणि आमच्यात एक जण कमी पडला म्हणून असिस्टंटने पोरांच्या बॅचमधला तेविशीतला एक गडी माझ्यासमोर उभा केला. मला विचारलं नाही, त्याला काही समजावलं नाही. पोरगा वाईट नव्हता बिचारा, पण साइड कंट्रोलमधून (बाजूने छातीवर आडवं दाबून धरणं) गुडघा पोटावर आणताना तो आला बरगडीवर, सगळ्या वजनासकट. कट्ट असा आवाज मलाच आला. पाच आठवडे घरी, झोपेत कूस बदलता येईना, आणि शिंक आली की डोळ्यांसमोर तारे. मेंबरशिप पुढे ढकलून द्या म्हटलं तर रिसेप्शनवाले म्हणे "पॉलिसीत नाही", शेवटी कोच आल्यावर त्यानेच भांडून दिली. म्हणजे जिम चांगली नाही, कोच चांगला आहे, हा फरक लक्षात ठेवा. तो उद्या सोडून गेला तर मी पण गेलोच.

मॅट बॅचच्या मध्ये पुसत नाहीत. आमच्या आधी पोरं तास-दीड तास घाम गाळून जातात आणि आम्ही त्यावरच लोळतो, दोघांना नायटा झालाय. आता मी स्वतः फडका आणि स्प्रे घेऊन जातो, लोक हसतात, हसू देत. जिमचे ग्लोव्हज तर नाकाजवळ नेऊ नका, स्वतःचेच घ्या. आणि वेळ रात्री साडेनऊची! स्पारिंग असलं की अंगात इतकं भिनलेलं असतं की एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं, आणि या वयात झोप गेली की दोन दिवस गेले. सकाळची बॅच काढा म्हणून आम्ही आठ जणांनी लिहून दिलंय, बघू.

ट्रायलला गेलात तर दोनच गोष्टी बघा, एक म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला पडायला शिकवतात की पॅडवर मारायला लावतात, आणि दुसरी म्हणजे पार्टनर कोण ठरवतं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, बरगडीने दीड कापले.

मी पुढचे सहा महिने भरलेत. त्याला कारण एक काकू, वय ५४, वजन माझ्यापेक्षा पंधरा किलो कमी. त्या घाई म्हणून करत नाहीत. पाठीवर येतात, हनुवटीखाली मनगट सरकवतात, आणि मी धडपडून थकेपर्यंत नुसत्या थांबतात, वर कानाशी हळूच विचारतात, "लागत नाही ना हो?" परवा तिसऱ्यांदा टॅप केला. ती पकड सुटते कशी ते मला अजून कळलेलं नाहीये.