दिवा लागतो, पण पुढची चाकं फिरत नाहीत

सोलापुरात किंवा आसपास जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी) बघत असाल तर व्यवहाराआधी हे वाचा. मला ज्या पद्धतीनं गंडवलं त्यात खोटी कागदपत्रं नव्हती, मीटर मागं फिरवलेला नव्हता, एक वायरसुद्धा इकडची तिकडं केलेली नव्हती.

आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. काळी जमीन. दोन पाऊस झाले की पाणंदीतला चिखल टायरला गुळासारखा चिकटतो आणि साधी गाडी जागेवर बसते. म्हणून जुनी का होईना, लो गिअरची (सावकाश पण जास्त जोरात ओढणारी) फोर बाय फोर हवी होती.

शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरनं आधी ऑल व्हील ड्राइव्हची एक्सयूव्ही 500 दाखवली. "मालक, ह्यो बी फोर बाय फोरच की! बटण दाबायचं, झालं." चारही चाकांना ताकद जाते एवढं खरं. पण या गाडीत लो गिअर नसतो. एरवी ती पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडली की क्लचमधून मागं ताकद जाते. ओल्या घाटात, थोड्याफार वाळूत ठीक आहे. चिखलात बराच वेळ रेटली तर तो क्लच तापतो. आमच्या रानाला ती उपयोगाची नव्हती, ते मी तिथंच सांगितलं.

मग त्यानं 2015 ची स्कॉर्पिओ काढली. एमएच 13 पासिंग, आरसीवर फोर डब्ल्यूडी स्पष्ट लिहिलेलं, सांगितली किंमत साडेसहा लाख. खालून ताजं काळं अंडरकोटिंग, "आमच्याच शेडमध्ये मारलंय" असं त्यानं कौतुकानं सांगितलं. डायल फोर हायवर (चारही चाकं, नेहमीचा गिअर) फिरवला, मीटरमध्ये दिवा लागला. गाडी थांबवून क्लच दाबून फोर लो (चारही चाकं, लो गिअर) टाकला, तोही लागला आणि गाडी मुंगीच्या पावलानं पण दमदार निघाली. शेवटी फोर हायमध्येच डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग पूर्ण कापून यू टर्न मारला. "बघा, हिसका न्हाई, आवाज न्हाई. लोण्यावानी हाय."

सगळी फसवणूक त्या लोण्यात होती.

स्कॉर्पिओची फोर बाय फोर पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरती टाकायची. फोर हाय टाकला की पुढच्या आणि मागच्या चाकांकडं ताकद नेणारे शाफ्ट (दांडे) ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि तो फरक सोसायला मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं. मातीत चाक घसरून भागतं. कोरड्या डांबरावर मात्र गाडी अडखळते, स्टेअरिंग जड होतं, टायर ओरडतात. तसं झालं नाही, याचा अर्थ पुढं काही जोडलेलंच नव्हतं. गाडी घेतल्यावर मृगाच्या पहिल्या पावसात ते कळलं: मागची चाकं खड्डा करत खाली गेली, पुढची ढिम्म. शेजारच्याचा ट्रॅक्टर आणून गाडी ओढली.

मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर घेतली तर पुढचा शाफ्टच (प्रॉपेलर शाफ्ट) नाही. ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडाला दुधाची पिशवी गुंडाळून वरून तारेनं आवळलेली. पुढच्या डिफरन्शियलमध्ये क्राऊन पिनियनचे (चाकांकडं ताकद वळवणाऱ्या गिअरचे) दात उडालेले. कुणीतरी कोरड्या रस्त्यावर फोर हायमध्ये पळवली असावी असं त्याचं मत. पुढून घरघर यायला लागली की दुरुस्तीपेक्षा शाफ्ट काढून टाकणं स्वस्त पडतं आणि आवाजही जातो. दिवा तरीही लागतो, कारण तो ट्रान्सफर केसच्या मोटरची जागा सांगतो, चाकांचं त्याला काही ठाऊक नसतं. फोर लोही खराच लागतो, फक्त सगळा जोर मागच्या चाकांवर.

डीलरचं उत्तर ठरलेलं होतं: "आधीच्या मालकानं केलं असंल, आमाला काय म्हाइत?" पण अंडरकोटिंगचा काळा रंग त्या दुधाच्या पिशवीवरही बसला होता. म्हणजे शेडमध्ये रंग मारणाऱ्यानं ती पिशवी बघितली होती. मी रॅम्पवरच तिचे फोटो काढले, मेकॅनिककडून लिहून घेतलं.

तुम्ही बघताना दिव्याच्या नादाला लागू नका. गाडी रॅम्पवर चारही चाकं अधांतरी घ्या, फोर हाय टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडा आणि बाजूला उभं राहून पुढचा शाफ्ट फिरतोय का बघा. रॅम्प नसेल तर कोरड्या फरशीवर फोर हायमध्ये एकच सावकाश पूर्ण वळण घ्या. स्कॉर्पिओ, थार, जिप्सी यांनी तिथं कुरकुर केलीच पाहिजे. फॉर्च्युनरला मात्र वर्ष बघा. 2009 ला आलेल्या पहिल्या पिढीची फोर बाय फोर फुल टाइम, म्हणजे कायम चारही चाकांवर चालणारी होती, मध्ये डिफरन्शियल असल्यानं ती मऊच वळते. 2016 च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीपासून ती पार्ट टाइम. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का तेही बघा. विजोड टायरवर फोर हायमध्ये पळालेल्या गाडीनं ट्रान्सफर केसला आधीच मार दिलेला असू शकतो.

कागदाचं थोडक्यात. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणा. इथं बरेच जण "मी नुसता मधला माणूस" म्हणून हात झटकतात, कमिशन घेताना मात्र मधले नसतात. साडेसहा लाखांच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी फक्त 200 रुपये आहे आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझी केलेली आहे. इसार देताना पावतीवर "फोर बाय फोर चालू स्थितीत" एवढे शब्द आणि डीलरची सही घ्या, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. मी तक्रारीचं बोलल्यावर संध्याकाळपर्यंत त्याची जाहिरात उडालेली होती.