कोरड्यावर विकलेली कयाक

ज्या माणसाने मला कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, विकली, त्याने ती एकदाही ओली करून दाखवली नाही. बाकी सगळं दाखवलं. बसायची जागा, पाय टेकवायच्या खुंट्या, पुढच्या-मागच्या हॅचची, म्हणजे सामानाच्या बंद कप्प्यांची, झाकणं, सामान बांधायच्या दोऱ्या. तासभर मी त्या होडीभोवती फिरत होते आणि त्या तासाभरात एक बादली पाणी मागायचं मला सुचलं नाही. जुनी कयाक घ्यायला निघालेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

त्याआधी दोन वर्षं मी भाड्याच्या कयाकवर वल्हवत होते. भाड्याची होडी दर वेळी वेगळी. कधी खुंट्या आपल्या पायांच्या मापाच्या नसतात, कधी बसकण सैल. स्वतःची होडी अंगाला बसते, कंबर जरा वळवली की तीही वळते. मला तलावात आणि शांत दिवशी किनाऱ्यालगत चालेल अशी साडेचार मीटरची प्लास्टिकची टूरिंग कयाक हवी होती. नवीन परवडत नव्हती. जाहिरात दिसली: तीन वर्षं जुनी, क्वचित वापरलेली, नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत, सोबत वल्हं आणि लाइफ जॅकेट मोफत. विकण्याचं कारण, दुसऱ्या गावी बदली.

फोनवर माणूस इतका मऊ बोलला की मला उलट त्याचीच दया आली. "ताई, होडी विकताना जीव तुटतोय, पण चांगल्या हातात जावी एवढीच इच्छा आहे." मग संध्याकाळी दुसरा एक जण बघायला येणार असल्याचं कळलं. तो रोख घेऊन येतोय, पण तुम्ही आधी विचारलंत म्हणून तुम्हाला पहिली संधी, थोडी रक्कम पाठवा म्हणजे अडवून ठेवतो. मी अर्धे पैसे पाठवले, होडी डोळ्यांनी पाहायच्या आधी. इथेच मी अडकले, कारण पैसे गेल्यावर माणूस दोष शोधत नाही, आपण बरोबर केलं याचे पुरावे शोधतो.

भेट ठरली अंधार पडताना, त्याच्या गाडीच्या टपावरून उतरवलेल्या होडीपाशी. पाण्यापासून लांब. "इथून पाणी दूर आहे ताई, पण शंका नको, मागच्याच महिन्यात समुद्रात नेली होती." होडी चकचकीत होती. डेकचा, म्हणजे वरच्या बाजूचा, लाल रंग नव्यासारखा. दोन्ही बाजूंना चंदेरी परावर्तक पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे संध्याकाळी मोटरबोटीवाल्यांना दिसावं म्हणून. मला वाटलं, किती काळजीचा माणूस आहे.

त्या पट्ट्यांकडे मी नीट पाहायला हवं होतं. उजव्या बाजूची, शेपटीजवळची एक पट्टी डेकच्या कडेला होती. डावीकडची मात्र खाली उतरत तळाच्या वळणापर्यंत गेली होती. होडी पाण्यात असताना तो भाग पाण्याखाली असतो. तिथे चमकणारी पट्टी कुणाला दिसणार आहे? हा प्रश्न मला पडला तो तीन दिवसांनी, गळ्यापर्यंत पाण्यात असताना.

तलावात मी आणि माझा धाकटा भाऊ उतरलो, तो त्याच्या स्वतःच्या कयाकमध्ये. पहिली वीस मिनिटं मी आनंदात होते. मग होडी जड वाटायला लागली. मी समजले, सवय नाही. मग तिचं तोंड वाऱ्याच्या दिशेला राहीना. मी सरळ करायची, ती पुन्हा वाऱ्यासोबत वळायची. आता कारण कळतं: मागचा भाग खाली गेला की पुढचा वर उचलला जातो आणि वारा त्या उचललेल्या तोंडाला ढकलतो. कॉकपिट, म्हणजे मी बसले होते तो खळगा, कोरडं होतं, म्हणून मला संशयही आला नाही. मागच्या बंद कप्प्यात पाणी भरत होतं आणि माझ्या पाठीमागे ती आडवी भिंत, बल्कहेड, घट्ट होती. तेवढी एकच गोष्ट त्या होडीत धड होती.

भाऊ मागून ओरडला, "ताई, तुझी शेपूट बुडतेय!"

मी मागे बघायला वळले आणि तेवढंच पुरलं. आतलं सुटं पाणी एका बाजूला धावलं, त्याच्यासोबत होडी कलली आणि मी उलटले. असं सुटं पाणी होडीला सावरू देत नाही. जिकडे कल, तिकडेच ते वजन टाकतं. मागच्या कप्प्यात ७०-८० लिटर पाणी म्हणजे ७०-८० किलो, एक अख्खं माणूस.

पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा कयाक उभी राहू लागली होती. तोंड आकाशाकडे, शेपूट खोल पाण्यात. एका टोकात हवा आणि दुसऱ्यात पाणी असलं की असंच होतं, आणि अशी उभी होडी नेहमीच्या पद्धतीने सोबत्याच्या डेकवर ओढून रिकामी करता येत नाही. भावाने दोनदा प्रयत्न केला. मग त्याने मला त्याच्या होडीचं टोक धरायला सांगितलं आणि मला किनाऱ्याकडे ओढत नेलं. अंतर चारशे मीटरच असेल. पाणी फार थंड नव्हतं, हे माझं नशीब. थंड पाण्यात पहिलं मिनिट श्वास आवरण्यातच जातं आणि पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मला किनारा गाठायला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

आणि ते मोफत जॅकेट. माझं जुनं जॅकेट मळकं झालं होतं म्हणून मी हे नवं कोरं घातलं होतं. लेबलवर ५० न्यूटन छापलेलं, म्हणजे पाण्यात साधारण पाच किलो उचलून धरेल एवढा जोर. सुरुवातीला त्याने मला उचललं, मग हळूहळू ते जड होत गेलं. हनुवटी, मग ओठ. भावाच्या होडीचं टोक हातात नसतं तर काय झालं असतं, ते मला लिहायचं नाही. घरी आल्यावर शिवण उसवली. चांगल्या जॅकेटमध्ये बंद छिद्रांचा फोम असतो, तो पाणी पीत नाही. यात पॅकिंगचा साधा स्पंज होता. पिळला तर धार लागली. कयाकमध्ये मी पैशाला फसले, पण या जॅकेटबद्दल मला अजून संताप येतो. होडीची चीर लपवणारा लोभी म्हणता येईल. स्पंज भरलेलं जॅकेट "भेट" म्हणून हातात देणाऱ्याला काय म्हणायचं?

होडी नंतर काही जणांच्या मदतीने बाहेर काढली आणि प्लास्टिकच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे नेली. त्याने डावीकडची पट्टी ओढली. खाली रंग, रंगाखाली गाड्यांचे पोचे भरतात तसली लांबी, आणि लांबीखाली वीत-दीड वीत लांब चीर. लांबी नखाने निघाली, अख्खा पापुद्रा. त्याने समजावलं की या होड्या पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यावर गोंद, लांबी, रंग काहीच धड धरत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधावं लागतं. "सांधलेली असती आणि तुम्हाला सांगून विकली असती, तर मीही वाईट म्हटलं नसतं," तो म्हणाला.

मग उजवीकडची पट्टी काढली. तिच्याखाली होडीचा क्रमांक होता. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे बनलेल्या होडीवर शेपटीजवळ उजव्या बाजूला १२ अक्षरांचा क्रमांक असतो. शेवटच्या चार अक्षरांत आधी महिन्याचं अक्षर येतं, ए म्हणजे जानेवारी, मग बनवल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा आणि मग मॉडेलच्या वर्षाचे दोन आकडे. माझ्या होडीची अखेर होती ई११२. मे २०११ मध्ये बनलेली, २०१२ चं मॉडेल. तीन वर्षांची म्हणून विकलेली होडी दहा वर्षांहून जुनी निघाली. इतकी वर्षं उन्हात पडलेलं पॉलिथिलीन फिकट आणि ठिसूळ होतं. चकाकी हीट गनची होती. वरवर गरम हवा फिरवली की विटलेला रंग काही काळ ताजा दिसतो. दोऱ्या मात्र गरम करून तरुण होत नाहीत. त्या ढिल्या होत्या, ताणल्यावर आतले रबरी धागे करकरत होते, हॅचच्या रबराला बारीक भेगा होत्या. नवा रंग आणि म्हातारी रबरं एकाच होडीवर कशी, हे मला त्या संध्याकाळी कुणीतरी विचारायला हवं होतं.

आता कुणी मला होडी बघायला सोबत बोलावलं तर मी दिवसाउजेडी जाते. सगळ्यात आधी चिकटवलेलं सगळं काढायला सांगते; मालकाने नकार दिला तर तिथूनच परत. मग होडी दोन ठोकळ्यांवर ठेवून प्रत्येक कप्प्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतते (पूर्ण भरायची नाही, वजनाने तळ वाकतो), बाहेरून पुसून कोरडी करते आणि खाली कागद पसरते. अर्ध्या तासात कागद काय ते सांगतो. मागच्या कप्प्यातलं पाणी कॉकपिटमध्ये आलं तर बल्कहेडचा सांधा गेला. फिक्या रंगाची होडी असेल तर अंधाऱ्या जागी नेऊन आत टॉर्च लावायचा, झिजलेली जागा उजळ दिसते आणि चीर रेघेसारखी. बसकणीखालचा भाग आणि शेपटीची टाच, जिथे होडी जमिनीवर ओढली जाते, तिथे अंगठ्याने दाबून बघते. जॅकेटला पाच किलोचं लोखंडी वजन बांधून ते रात्रभर पिंपात सोडते. ५० न्यूटनचं खरं जॅकेट सकाळी तरंगताना सापडतं.

एवढं सगळं करूनही पाण्यात वल्हवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायला मी कुणाला सांगत नाही. आर्क्टिकमधल्या इन्यूट बायका सीलच्या कातड्याची कयाक शिवताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ देत नसत, कारण एका भोकावर घरच्या माणसाचा जीव असायचा. होडीच्या कातडीचं महत्त्व त्यांना जितकं कळलं होतं, तितकं मला चकाकीपुढे कळलं नाही.

त्या माणसाचा नंबर दुसऱ्या दिवसापासून बंद. जाहिरात गायब. पावती नाही, कारण मी मागितली नव्हती. पोलिसांत तक्रार दिली, संदेश आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडली, पुढे काही हललं नाही. मात्र गेल्या महिन्यात नव्या नावाने एक जाहिरात दिसली. हिरवी कयाक, क्वचित वापरलेली, दुसऱ्या गावी बदली, जॅकेट मोफत. शेपटीजवळ चंदेरी पट्टी, तळाच्या वळणापर्यंत उतरलेली.

मी दुसऱ्या फोनवरून संदेश केला, घ्यायची आहे म्हणून. लगेच उत्तर आलं: "ताई, अजून एक जण विचारतोय, पण तुम्हाला पहिली संधी." मी लिहिलं, उद्या सकाळी पाण्यात उतरवून बघते, मग पूर्ण पैसे देते.

त्यावर उत्तर आलं नाही. तासाभरात जाहिरात काढलेली होती.