वॅगनआर की आय-10: नागपुरात जुनी गाडी घेताना

कमी बजेटमध्ये पहिली गाडी शोधणाऱ्यांच्या यादीत शेवटी या दोनच उरतात: 2010 मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची वॅगनआर आणि ह्युंदाईची पहिली आय-10, 1.1 पेट्रोल. कागदावर दोघी जवळपास सारख्याच. वॅगनआरचं 998 सीसीचं तीन सिलिंडर इंजिन 68 पीएस ताकद देतं, आय-10 चं 1086 सीसीचं चार सिलिंडर इंजिन 69 पीएस. पेट्रोलची टाकी दोन्हींची 35 लिटर.

चालवताना फरक जाणवतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या ओढण्याच्या जोराचा. वॅगनआरला 90 एनएम (न्यूटन मीटर) टॉर्क 3500 आरपीएमला, म्हणजे इंजिनचे मिनिटाला 3500 फेरे होताना मिळतो, आय-10 ला 99 एनएम, पण 4500 ला. त्यामुळे बर्डी-इतवारीच्या गर्दीत वॅगनआर दुसऱ्या गिअरवर सहज ओढते. आय-10 ला जरा रेटावं लागतं, मात्र वर्धा रोडवर मोकळं मिळालं की ती जास्त शांत धावते. तीन सिलिंडरची थरथर वॅगनआरमध्ये उभ्या गाडीत पायाला कळते. तो बिघाड नव्हे.

घरात गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर वॅगनआरच घ्या. उंच छत, उंच सीट, वाकावं लागत नाही. मागे तिघं बसणार असतील तर आय-10: ती जवळपास 12 सेंटिमीटरने रुंद आहे आणि गिअर डॅशबोर्डवर असल्याने पुढेही पायाला जागा मिळते.

आता आपल्या उन्हाचं. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी घेऊच नका. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असो वा नसो, गाडी दुपारी तासभर उन्हात उभी ठेवायला सांगा आणि मग एसी लावून सिग्नलवर थांबा. हवा कोमट होते का, रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होतो का, हे तिथेच कळतं. समृद्धीवर जाणार असाल तर टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा. 2219 म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. एवढे जुने टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. तापलेल्या काँक्रीटवर 120 च्या वेगात असे टायर फुटू शकतात.

माझा कौल वॅगनआरला, आणि त्याचं मोठं कारण बॉनेटखाली आहे. तिच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघड-बंद करणारी साखळी. आय-10 च्या 1.1 मध्ये त्याच कामाला टायमिंग बेल्ट, जो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल मालक दाखवू शकत नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. आय-10 च हवी असेल तर 1.2 कप्पा इंजिनची शोधा, त्यात चेन आहे आणि 80 पीएसही.

सुरक्षेत दोघी कमी पडतात. एअरबॅग नसलेल्या आय-10 ला 2014 च्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात चाचणीत शून्य स्टार मिळाले होते. म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेलं मॉडेलच बघा.

सौदा करण्याआधी आरसीवरची नोंदणीची तारीख वाचा. 2010-11 ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं संपली किंवा संपत आली. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत फिटनेस तपासणी, 5000 रुपये नूतनीकरण शुल्क आणि वर पर्यावरण कर. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं की तुम्ही, ते टोकन देण्याआधी लिहून घ्या. 2014 नंतरची वॅगनआर थोडी महाग पडली तरी ही धावपळ काही वर्षं पुढे जाते.