६×६ च्या निगेटिव्हला कोणती लेन्स: ७५, ८० की १०५?

नेरूळच्या एका मित्राने मेओप्टाचा जुना ओपेमस ६ हा एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायचं यंत्र) उचलला, लेन्ससकट. लेन्स निघाली ५० मिलिमीटरची. याशिका कॅमेऱ्याची, नावाला ६×६ सेंटिमीटरची निगेटिव्ह घालून पहिली प्रिंट काढली तर चारही कोपरे पांढरेफटक. एन्लार्जरमध्ये सगळं उलटं असतं: जिथे उजेड पोचत नाही, तिथे कागद पांढरा राहतो. मग फोन आला, "आता कुठली घेऊ?"

ढोबळ हिशेब असा की लेन्सची फोकल लेंग्थ निगेटिव्हच्या कर्णाएवढी हवी. १२० फिल्मवरची चौकोनी फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते, म्हणजे कर्ण ७९ च्या आसपास. त्यासाठी ७५ किंवा ८०. ६×४.५ ला यातली कुठलीही चालते. ६×७ चा कर्ण ९० पर्यंत जातो, तिथे ९० किंवा १०५ बघावी.

खरा पेच ७५ आणि ८० मधल्या पाच मिलिमीटरचा नाहीच. पेच आहे आतल्या काचांचा. ७५ मध्ये मिळणाऱ्या स्वस्त लेन्स बहुधा चार काचांच्या असतात, उदाहरणार्थ एल-निक्कोर ७५ एफ/४ (एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे उजेड जाण्याच्या भोकाचा; आकडा मोठा तितकं भोक लहान). एल-निक्कोर ८० एफ/५.६, श्नायडरची कॉम्पोनॉन-एस ८० एफ/४ आणि रोडेनस्टॉकची रोडागॉन ८० एफ/४ या सहा काचांच्या. सहावाल्या महाग, आणि लोक डोळे मिटून त्याच सुचवतात.

मी दोन्ही वापरल्या आहेत. ठाण्याच्या तलावपाळीवरून घेतलेली गडकरी रंगायतनची एक निगेटिव्ह एफ/११ वर दोन्ही लेन्समधून ८×१० इंची कागदावर छापली आणि घरच्यांसमोर ठेवली. कुणालाही फरक सांगता आला नाही; खरं सांगायचं तर पाठीमागे खूण केली नसती तर मलाही नसता आला. १२×१६ ला मात्र चार काचांची उघडी पडते. मधला भाग ठीक, पण एफ/८ वर कोपऱ्यात ग्रेन, म्हणजे फिल्मचा बारीक रवा, विरघळल्यासारखा दिसतो. एफ/११ ला पुष्कळ सुधारतो.

मग एफ/११ वरच छापावं ना? इथे माझं घर आडवं येतं. मी कोपरीत रुळांच्या कडेला राहतो. फास्ट लोकल गेली की एन्लार्जरचा उभा खांब थरथरतो, ग्रेन फोकसरमधून (फोकस तपासायच्या भिंगातून) ते स्पष्ट दिसतं. एफ/८ ला १२ सेकंद लागत असतील तर एफ/११ ला २४. मोठ्या प्रिंटला आकडे आणखी वाढतात आणि दोन गाड्यांमधली शांतता पुरत नाही. सहा काचांची लेन्स एफ/८ वरच कोपऱ्यांपर्यंत नीट असते, म्हणून मी तिच्याकडे वळलो. घोडबंदरला आतल्या बाजूच्या सोसायटीत राहणाऱ्याने आणि ८×१० च्या पुढे न जाणाऱ्याने हे पैसे कागदावर घालावेत. एफ/२२ वर मात्र कुठलीही लेन्स नेऊ नका. डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्याने, सगळं मऊ होतं.

८० मधल्या तिघींत माझ्या लेखी निकालात फरक नाही. एफ/४ वाल्या दोघींत फोकस करताना उजेड दुप्पट मिळतो, एवढं सुख आहे.

१०५ चं आकर्षण समजतं. ६×६ ला ती वापरली की लेन्सचा मधलाच भाग कामाला येतो, आणि छोट्या प्रिंटला डॉजिंग-बर्निंग (प्रिंटच्या एखाद्या भागाला हाताने आडोसा करून कमी किंवा जास्त उजेड देणं) करताना हात घालायला जागा राहते. पण उंची मोजा. ६×६ मधून १२×१६ भरायचं तर निगेटिव्हपासून कागदापर्यंत ८० ला साधारण ७५ सेंटिमीटर लागतात, १०५ ला जवळजवळ ९९. वर दिव्याचं डोकं वेगळंच. बाथरूमची डार्करूम करणाऱ्यांनी आधी गीझर कुठे आहे ते बघावं. शिवाय ओपेमस ६ मध्ये ६×६ पेक्षा मोठी निगेटिव्ह बसतच नाही, त्यामुळे "उद्या ६×७ घेतला तर" हा मित्राचा मुद्दा तिथेच संपला. बेसेलर २३सी सारखा ६×९ पर्यंतचा एन्लार्जर असता तर मी वेगळं बोललो असतो.

नावापेक्षा तब्येत बघा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत फंगस हा लेन्सचा खरा शत्रू. मुंबईच्या बोरा बाजारात घ्या नाहीतर कुणाच्या कपाटातली. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. धुळीचे दोन-चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा धुरकट थर दिसला तर परत ठेवा, काळ्या-पांढऱ्यातला जोर तोच खातो. मी एकदा पट्टीच्या विक्रेत्याच्या "साफ होऊन जाईल" वर विश्वास ठेवला होता. फंगस गेलं, पण काचेवर त्याचे व्रण राहिले. घरी आणल्यावर चामड्याच्या पाऊचात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. आटे ३९ मिलिमीटरचे आहेत ना, तेही विचारा. तुमच्या लेन्स बोर्डाला (लेन्स बसवायच्या पट्टीला) तेच लागत असतील तर अडॅप्टरची शोधाशोध वाचते.

आणि एकच कोपरा मऊ येत असेल तर लेन्सला दोष देण्याआधी गवंड्याची छोटी लेव्हल बेसबोर्डवर, निगेटिव्हच्या जागी आणि लेन्स बोर्डाला लावून पाहा. माझ्या पहिल्या एन्लार्जरचं डोकं एका बाजूला कललेलं होतं आणि मी सहा महिने लेन्सला शिव्या देत होतो.

मित्राने शेवटी ८० एफ/५.६ ची निक्कोर घेतली. ५० ची विकायला निघाला होता, त्याला थांबवलं. वडिलांच्या कपाटात ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचे दोन डबे आहेत, त्यांना तीच लागणार.