डीएनएस कुठं ठेवायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या छोट्या धंद्यांसाठी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीची वेबसाइट तासभर बंद राहिली तर फारसं बिघडत नाही. पण पुण्याच्या पार्टीनं पाठवलेलं चौकशीचं मेल परत गेलं, तर ऑर्डर दुसऱ्याच्या भट्टीत जाते. डोमेनची साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणारी यादी म्हणजे डीएनएस; ती बिघडली की मेल परत जातं. म्हणून डीएनएस निवडताना मी वेगाकडं नंतर बघतो. रेकॉर्ड, म्हणजे त्या यादीतल्या नोंदी, कुणाच्या ताब्यात आहेत आणि पाहिजे तेव्हा बाहेर काढता येतात का, हे आधी बघतो.

आपल्याकडं पुष्कळांचं डीएनएस डोमेन घेतलं तिथंच, रजिस्ट्रारकडं पडून असतं. वेगळे पैसे लागत नाहीत, आणि खानापूरच्या काजू कारखान्याला किंवा शहापूरच्या साडी दुकानाला तेवढं पुरतंही. पण काही रजिस्ट्रार झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी) एक्सपोर्ट करू देत नाहीत, म्हणजे बाहेर उतरवून घेऊ देत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे खातं साइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर असतं. तो बेंगळुरूला नोकरीला गेला की पासवर्डसाठी त्याच्या मागं फिरायचं. कुठलीही सेवा घ्या, खातं मालकाच्या नावावरच हवं.

क्लाउडफ्लेअरची डीएनएस सेवा फुकट आहे, वेगवान आहे, आणि रेकॉर्डच्या पानावरून एका क्लिकमध्ये सगळी यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरते. नोटपॅडमध्येही ती उघडते: एका ओळीत नाव, टीटीएल (नोंद किती वेळ जपून वापरायची ते), प्रकार आणि नोंदीचा मजकूर. एक काळजी घ्यायची. मेल सर्व्हरच्या नावापुढचा नारिंगी ढग (क्लाउडफ्लेअरमधून वाहतूक वळवणारं बटण) बंद ठेवायचा, नाहीतर मेल अडकतं. शिवाय डोमेनची नोंदणीही त्यांच्याकडंच केली तर नेमसर्व्हर, म्हणजे ही यादी जगाला सांगणारे सर्व्हर, त्यांचेच वापरावे लागतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला त्यांची यंत्रणा कोलमडली तेव्हा अनेकांना डॅशबोर्डमध्ये शिरताच येईना. नोंदणी वेगळीकडं असलेल्याला निदान नेमसर्व्हर बदलायचा मार्ग उरतो.

अॅमेझॉनची डीएनएस सेवा रूट ५३ महिन्याला एका झोनमागे (साधारण एका डोमेनमागे) अर्धा डॉलर घेते, वर दहा लाख डीएनएस विचारणांना ०.४० डॉलर. सर्व्हर आधीच अॅमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) असेल तर सोयीचं. पण यादी काढायला कमांड लाइन वापरावी लागते, म्हणून हाताशी तांत्रिक माणूस नसेल तर मी सुचवणार नाही. बर्लिनची डीसेक ही ना-नफा संस्था फुकट सेवा देते आणि डीएनएससेकही (रेकॉर्ड खरे असल्याची डिजिटल सही) आपोआप लावते; पण तिच्या डॅशबोर्डवर नवखा माणूस अडखळतो.

माझा कौल: नोंदणी वेगळ्या रजिस्ट्रारकडं, डीएनएस क्लाउडफ्लेअरवर.

आता बॅकअप. सेवा बदलताना क्लाउडफ्लेअरसारखी नवी कंपनी जुने रेकॉर्ड आपोआप शोधून आणते, पण सगळे नाही. डीकेआयएमचा (मेलवरची सही तपासायचा) रेकॉर्ड सिलेक्टर या मेल सेवेनं ठरवलेल्या नावाखाली असतो आणि ते नाव माहीत असल्याशिवाय बाहेरून सापडत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (तुमच्या नावानं मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात त्यांची यादी) किंवा डीकेआयएम मागतं. ते हरवलं तर तुमचं कोटेशन स्पॅममध्ये जातं किंवा परत येतं, आणि समोरचा समजतो की तुम्ही उत्तरच दिलं नाही. म्हणून प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर एक्सपोर्ट करा, फाइलच्या नावात तारीख घाला. एक्सपोर्टची सोय नसेल तर एमएक्स (मेल कुठं पोचवायचं ते) आणि टीएक्सटीच्या (एसपीएफ, डीकेआयएम यांत असतात) ओळी तरी जशाच्या तशा कॉपी करून ठेवा. फोटोवरून डीकेआयएमची लांबलचक किल्ली पुन्हा टाइप करणं म्हणजे शिक्षा. ही फाइल त्याच डोमेनच्या मेलबॉक्सात ठेवू नका, आणि रजिस्ट्रारच्या खात्यालाही त्या डोमेनचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की पासवर्ड बदलायचा दुवाही मिळणार नाही.

हलवताना आधी नव्या जागी सगळे रेकॉर्ड भरून जुन्या यादीशी ओळीनं ओळ ताडून घ्या. डीएनएससेक चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीची वरच्या पातळीवरची नोंद) आधी काढून टाका आणि एक दिवस थांबा, नाहीतर साइट आणि मेल दोन्ही अनेकांना दिसेनासे होतील. मग नेमसर्व्हर बदला. जुन्या ठिकाणचे रेकॉर्ड लगेच पुसू नका: डॉट कॉमची नेमसर्व्हर नोंद ४८ तासांपर्यंत कुठंकुठं जुनीच वापरली जाते, आणि त्या दोन दिवसांत काही मेल जुन्याच यादीवरून येतं.